धार

उद्यमनगरात, मगदूमअण्णांच्या शेडच्या माळ्यावर
आम्ही चौघं एका प्रश्नाला बसलो होतो:
आपली माणसं जमवायची कुठं?

'कातारी' तेव्हा तीन वर्षांचं.
जुन्या लेथला नवं डोकं देणारा प्रोग्राम.
कुणीही घ्यावा, उघडून बघावा,
चुकलं असेल तर दुरुस्त करून परत द्यावा.
फुकट म्हटलं की अण्णांना राग यायचा.
"फुकट न्हवं. मोकळं म्हण."

तौफिक म्हणाला, टेलिग्राम.
फाइल केवढीही जाते,
बेळगावची पोरं हाईतच तिथं.
इंद्रजितला डिस्कॉर्ड पाहिजे होतं,
खोल्याच खोल्या, प्रत्येक गप्पेला वेगळं दार.
मी व्हॉट्सॅप म्हटलं, कारण अण्णा तिथं असतात.
अण्णा फक्त तिथंच असतात.
चार मिनिटांचा आवाज, मागं लेथची घरघर,
मधेच "ए, चहा ठेव रे",
आणि शेवटी दाखवलेली एक चूक
जी आम्हाला महिनाभर दिसली नव्हती.

पद्मजा गप्प होती.
मग म्हणाली, तिथं नंबर उघडा पडतो.
मागच्या गटात मी आट्यांच्या पिचबद्दल विचारलं,
उत्तर एकच आलं.
"हाय" मात्र अकरा,
रात्री साडेबारानंतर.

खाली ग्राइंडर बंद झाला.
थोडा वेळ कुणीच कुठलं नाव घेतलं नाही.

तिचं म्हणणं मॅस्टोडॉन.
कुणा एका शेठचं नाही ते,
आपलं आपण उभारायचं, आपली कडी आपल्या हातात.
तौफिक म्हणाला, उभारशील गं,
पण येणार कोण? तू, मी,
आणि ते नैरोबीचे गृहस्थ?
(त्यांनी सात ओळींची दुरुस्ती पाठवली होती,
अख्ख्या वर्षात एवढं नीटनेटकं कुणी काही दिलं नव्हतं.)

भूक लागली. भांडण तसंच घेऊन
गंगावेशीत गेलो, दूध कट्ट्यावर.
म्हशी ओळीनं उभ्या, शेपट्या आमच्या अंगावर.
डोळ्यांदेखत धार,
पेल्यात फेस, दूध अजून कोमट.
पाणी घातलंय का, हे विचारायला जागाच नाही.

म्हसवाल्याला विचारलं, गाव कुठलं?
"वडणगे."
रोज एवढ्या लांब आणता?
"माणसं हितं हाईत न्हवं. माझ्या गोठ्यात
कोण येतंय पेला घिऊन?"
आणि रात्री?
त्यानं माझ्याकडं बघितलं,
माझ्या शिक्षणाची कीव आल्यागत.
"रात्री घरला. कट्ट्यावर म्हस बांधून
कोण जातंय व्हय?"

पद्मजानं पेला खाली ठेवला.
तौफिकच्या मिशीला फेस तसाच.

घर आधी बांधलं. लहानसं, महिना चारशे रुपयांत,
तिथं सगळं साठवायचं, नंबर कुणाचाच मागायचा नाही.
मग कट्टे: टेलिग्रामवर तौफिक जातो,
व्हॉट्सॅपवर मी,
आणि दिवस मावळला की जे काही निघालं
ते घरी आणून ओततो.
डिस्कॉर्डला नाही म्हटलं.
इंद्रजित दोन आठवडे बोलला नाही,
अजून अधूनमधून खोल्यांची आठवण काढतो.
बरोबर केलं का, ठाऊक नाही.
बेळगावची निम्मी पोरं घराकडं फिरकतच नाहीत.

पहिल्या रविवारी मी अण्णांचा आवाज
शब्दाला शब्द उतरवून काढला,
पद्मजानं इंग्रजी केलं. काही गाळलं नाही.
बुधवारी नैरोबीहून विचारणा:
चौथी पायरी, चहा ठेवणे,
आटे पाडण्याआधी ती आवश्यक आहे का?

अण्णांना वाचून दाखवलं.
हत्याराची धार अंगठ्यानं चाचपत
ते म्हणाले,
"लागतंयच म्हणून सांग."